आधी जखम पाहा, मग औषध लावा

काशीचा राजा घाट राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांनी दगडात बांधून काढला. चपला वर ठेवून अनवाणी उतरणाऱ्याला त्या पायऱ्या उन्हात पोळतात आणि शेवाळावर घसरवतात. तळवा भाजला किंवा अंगठा फुटला की चार जण चार उपाय सांगतात, पण जखम नीट पाहत कोणीच नाही. परंपरा सुश्रुताला काशिराज दिवोदासाचा शिष्य मानते. त्याच्या संहितेत भाजण्याचे चार प्रकार आधी ओळखायचे आहेत आणि व्रणावरचे साठ उपक्रम, म्हणजे उपचार, त्यानंतर येतात. हा क्रम आजही बदललेला नाही.

गैरसमज : गंगाजलाने धुतलेली जखम पिकत नाही.
वस्तुस्थिती : गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात, असे अर्नेस्ट हँकिन यांनी 1896 मध्ये नोंदवले होते. जंतूंना मारणारे विषाणू, म्हणजे बॅक्टेरियोफाज, नदीत असतात हे खरे. पण प्रत्येक फाज ठरावीक जंतूंवरच चालतो. त्याच पाण्यात सांडपाणीही मिसळते. जखम पिण्याच्या स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवावी. माती, कचरा निघून जाणे सर्वांत महत्त्वाचे. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते, हेही डॉक्टरांना सांगावे.

गैरसमज : भाजल्यावर पाणी ओतले की फोड येतात.
वस्तुस्थिती : फोड उष्णतेने येतात, पाण्याने नव्हे. किरकोळ भाजल्यावर शेक द्यावा असे खुद्द सुश्रुताने सांगितले होते, पण ते आज मान्य नाही. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयातील डॉ. एम. एच. केसवानी यांनी ‘भाजल्यावर पाणी ओता’ हाच प्रचार केला. नळाचे गार पाणी 20 मिनिटे सोडावे. तीन तासांच्या आत केले तरी उपयोग होतो. लहान मुलाचे बाकीचे अंग पांघरुणात ठेवावे. सूज चढण्याआधी अंगठ्या, बांगड्या काढाव्यात. बर्फ लावू नये, फोड फोडू नयेत. टूथपेस्ट, हळद, शाई यांनी जखमेचा रंग झाकला जातो आणि ती किती खोल आहे हेच डॉक्टरांना दिसत नाही.

गैरसमज : दुखत नाही, म्हणजे किरकोळ आहे.
वस्तुस्थिती : अनेकदा उलटेच असते. खोल भाजल्यावर कातडीतल्या संवेदनेच्या नसाच जळतात, म्हणून पांढरट किंवा चामड्यासारखी दिसणारी जागा दुखत नाही. मधुमेहात आणि कुष्ठरोगात पाय बधिर होतात. खडा रुतला तरी कळत नाही आणि जखम आतून चिघळत जाते. अशा माणसाने पायऱ्यांवरही पादत्राण घालावे आणि रोज आरशात तळवे पाहावेत.

गैरसमज : उघडी ठेवली, खपली धरली की जखम लवकर भरते.
वस्तुस्थिती : जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांवर प्रयोग करून दाखवले, की ओलसर झाकलेल्या जखमेवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने येते. जखम झाकण्यासाठीच मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी निर्जंतुक केळीच्या पानाची पट्टी वापरली. ती जखमेला चिकटत नाही आणि काढताना कमी दुखते. परसातले पान तोडून लावावे, असा मात्र याचा अर्थ नाही.

गैरसमज : पायावरच्या जुन्या व्रणाला घट्ट पट्टी बांधली की पुरे.
वस्तुस्थिती : घोट्याच्या आतल्या बाजूचा, सूज असलेला व्रण बहुधा शिरांच्या विकाराचा असतो, त्याला दाबपट्टी लागते. बोटांच्या टोकावरचा, पाय थंड पडलेला आणि रात्री ठणकणारा व्रण रक्तपुरवठा कमी पडल्याचा असू शकतो. तिथे दाब दिल्यास पाय गमवावा लागू शकतो. आधी पायाची नाडी तपासली पाहिजे.

रुग्णाचा बोटांसह तळहात म्हणजे साधारण त्याच्या अंगाचा एक टक्का. मुलाचे दहा आणि मोठ्या माणसाचे पंधरा टक्के अंग भाजले, तर शिरेतून सलाईन लागते. तोंड, हात, सांधे किंवा गुप्तांग भाजले असेल, विजेचा धक्का बसला असेल, जखमेभोवती लाली पसरत असेल, ताप आला असेल किंवा दोन आठवड्यांत जखम भरत नसेल, तर घरगुती उपाय थांबवा आणि दवाखाना गाठा.