शेणाची पाटी आणि युरियाची गोणी

सेंद्रिय शेती बरी की रासायनिक, असा प्रश्न शहरात निघतो तेव्हा डोळ्यांपुढे बहुधा ताटातली भाजी असते. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आम्ही आधी विचारतो, या शेतीत राबते कोण आणि झीज सोसते कोण?

पिकाला नत्र हवे असते. ते युरियातून आले की शेणातून, याची मुळांना फिकीर नसते. पण युरियात नत्र शेकडा ४६, आणि शेणखतात जेमतेम अर्धा टक्का. म्हणजे १०० किलो युरियातल्या नत्रासाठी सुमारे ९ टन शेणखत लागते. एवढी जनावरे कुठली आणि एवढ्या पाट्या वाहायच्या कुणी?

मग शेणखताचा आग्रह कशाला? इंग्लंडात रॉथमस्टेड येथे १८४३ पासून एकाच शेतावर गव्हाचा प्रयोग चालू आहे. रासायनिक खतानेही तेथे शेणखताच्या तोडीचे पीक आले. परंतु शेणखताच्या तुकड्यातील मातीत सेंद्रिय कर्ब दुपटीहून अधिक साठला. अशी माती पाणी धरून ठेवते. आमच्या कोरडवाहू मुलखात याचे मोल मोठे आहे. कंपोस्टची इंदूर पद्धतही आपल्या शेजारचीच. आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९३१ साली ती ग्रंथरूपाने मांडली.

मात्र हुकुमाने शेती पालटत नाही. श्रीलंकेने २०२१ साली रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. भाताचे पीक घटले, तांदूळ बाहेरून आणावा लागला आणि वर्ष संपण्याआधीच बंदी मागे घ्यावी लागली.

उलट बाजूही तितकीच कडू आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. कित्येकांपाशी हातमोजे नव्हते, तोंडाला धड फडके नव्हते.

तेव्हा आमचे मत असे: माती तपासून खत मोजून द्यावे, शेणखत व कंपोस्टची जोड द्यावी, तूर-हरभऱ्याची फेरपालट करावी, आणि संरक्षक साधने दिल्याखेरीज कुणाच्याही पाठीवर फवारणीचा पंप चढवू नये.

सेंद्रिय शेतात तणनाशक नसते, म्हणून खुरपणी वाढते. सेंद्रिय धान्याला तुम्ही चार पैसे अधिक मोजाल, ते अवश्य मोजा. पण त्यातले खुरपणाऱ्या बाईच्या हाती किती पडले, हेही दुकानदाराला विचारा.