नाटकात जायचंय, मग परदेशात साहित्य कशाला?

मागे दहावीतल्या एका मुलीचे अब्बा शाळेत भेटायला आले. मुलगी हुशार, बैतबाजीत दरवर्षी पुढे असणारी. म्हणाले, "सर, ही म्हणते नाटकात जायचंय. आणि त्यासाठी अकरावी-बारावी बाहेरच्या देशात करून लिटरेचर शिकायचंय. नाटकच करायचं तर नाटक शिकावं ना, लिटरेचर कशाला?"

प्रश्न रास्त होता. नाटकाचा पेशा घरात चालेल की नाही, हे त्यांनी आणि त्यांच्या मुलीने ठरवायचं. मी त्यात पडलो नाही. पण साहित्य कशाला, हे सांगणं माझं काम होतं.

परदेशातल्या बऱ्याच शाळांत अकरावी-बारावीला आयबी डिप्लोमा असतो. दोन वर्षं, सहा विषय. त्यातला एक विषय साहित्याचा. वरच्या पातळीवर घेतला तर दोन वर्षांत किमान 13 पुस्तकं पूर्ण वाचावी लागतात, त्यातली निदान 4 अनुवादित. आपल्याकडे धडा असतो, गाइड असतं, उत्तर पाठ असतं. तिथे परीक्षेत न पाहिलेला उतारा समोर येतो आणि लेखकाने हा शब्द इथे का ठेवला, हे स्वतःच्या डोक्याने लिहावं लागतं. उर्दूच्या तासाला आपण शेराची तशरीह करतो, तेच हे काम, फक्त फार लांबवर नेलेलं.

याशिवाय तोंडी परीक्षा असते. विद्यार्थ्याने दोन पुस्तकांतले उतारे घेऊन 10 मिनिटं सलग बोलायचं, मग 5 मिनिटं शिक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. नट व्हायचंय त्याला याचा उपयोग वेगळा सांगायला नको. संवाद पाठ करणं सोपं असतं. हे पात्र आत्ता गप्प का बसलं, हे ओळखणं अवघड, आणि ती सवय वाचनातूनच लागते.

लंडनच्या राडा या 1904 साली सुरू झालेल्या नाट्यशाळेत अभिनयाची निवड मुख्यतः ऑडिशनवर होते. तिथे शेक्सपिअर किंवा त्याच्या काळातल्या नाटकातलं एक भाषण आणि आधुनिक नाटकातलं एक भाषण म्हणून दाखवावं लागतं. चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी ज्याला समजलीच नाही, तो ती म्हणणार कशी? दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जायचं असेल तर आधी पदवी हवी. म्हणजे बारावीनंतर लगेच रंगमंच, असं तिथेही नाही.

याच राडात शिकलेले इब्राहिम अल्काझी 1925 साली पुण्यात जन्मले. घर अरब, वडील व्यापारी. शाळा पुण्याची सेंट व्हिन्सेंट, कॉलेज मुंबईचं सेंट झेवियर्स, लंडन त्यानंतर. पुढे 1962 ते 1977 ते राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, रोहिणी हट्टंगडी हे त्यांच्या काळातले विद्यार्थी. हे सांगितल्यावर अब्बा जरा सैलावले. पण मी हेही सांगितलं की अल्काझींची शाळा परदेशात झाली नव्हती. परदेशच हवा, असं नाही. पुण्याजवळ मुळशीत महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे, तिथेही हाच आयबी डिप्लोमा शिकवतात. याच संस्थेची पहिली शाळा 1962 साली वेल्समध्ये निघाली, आता जगभरात 18 आहेत. निवड साधारण 16-17 व्या वर्षी होते आणि घरच्या परिस्थितीनुसार शिष्यवृत्ती मिळू शकते. स्पर्धा मोठी आहे, मिळेलच असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आणि एजंटला पैसे देण्याआधी संस्थेची वेबसाइट स्वतः वाचा.

"आणि उद्या मन बदललं तर?" अब्बांनी विचारलं. हा खरा काळजीचा मुद्दा. आयबीत साहित्य घेतलं तरी गणित आणि एक विज्ञान विषय घ्यावाच लागतो, त्यामुळे सगळे दरवाजे बंद होत नाहीत. भारतात हा डिप्लोमा बारावीच्या बरोबरीचा धरला जातो. मात्र मेडिकल किंवा इंजिनिअरिंगचा विचार थोडासाही असेल तर विषय आधीच तपासून निवडा, नंतर धावपळ नको. खाण्याचं, राहण्याचं, नमाजच्या वेळेचंही अर्ज भरण्याआधीच विचारून घ्यावं. विचारायला लाजू नये, अशा शाळांत सगळ्या देशांची मुलं असतात.

एक गोष्ट बहुतेक पालकांना ठाऊक नसते. आयबीत साहित्य आपल्या मातृभाषेतही शिकता येतं. त्या भाषेचा शिक्षक शाळेत नसला तरी शाळेच्या देखरेखीखाली मुलाने स्वतः वाचून परीक्षा द्यायची सोय आहे. मराठी किंवा उर्दू हवी असेल तर शाळेला वेळेवर कळवावं लागतं. इंग्रजी आणि मातृभाषा, दोन्हींत साहित्य घेऊन उत्तीर्ण झालं तर द्विभाषिक डिप्लोमा मिळतो. वेल्सच्या किनाऱ्यावर बसून आपली मुलगी मंटो किंवा इस्मत चुगताई वाचतेय, ही कल्पना मला तरी फार आवडली.

अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "उर्दूत वाचायचं असेल तर पुस्तकं इथूनच पाठवावी लागतील ना? पार्सलला किती पडतं, सर?"