दोन एक्के म्हणजे जिंकलेला डाव नव्हे

परभणी-परळी लाईनवरचं पोखर्णी नृसिंह घ्या, नाहीतर आसपासचं कुठलंही गाव घ्या, तीन पत्ती कळत नाही असा माणूस विरळाच. याच बैठकांत वाढलेली काही पोरं पुढे मोबाइलवर पोकर शिकली, त्यातली एखाददुसरी गोव्याला जाऊन टूर्नामेंटलाही बसली. खेळ नवा घेतला, पण हिशेब तीन पत्तीचाच राहिला. मग परत आल्यावर तेच रडगाणं सुरू होतं, ‘सुरुवातीलाच दोन एक्के आले होते हो, तरी बाहेर पडलो. नशीबच फुटकं!’ हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. नशिबाला बोल लावण्याआधी हिशेब तपासा.

गैरसमज: दोन एक्के आले की डाव आपलाच.

वस्तुस्थिती: तीन पत्तीत हात पुरा होऊनच येतो. 52 पानांतून तीन पानांचे 22,100 वेगवेगळे हात बनतात आणि नेहमीच्या नियमांत तीन एक्क्यांवर त्यातला एकही चढत नाही. पुढे एकही पान यायचं नसतं, म्हणून तिथं बेधडक चाल वाढवणं बरोबरच आहे.

टेक्सास होल्डेम या प्रचलित पोकरमध्ये मात्र हातात दोनच पानं असतात. टेबलावर आधी तीन, मग एक, शेवटी एक अशी पाच पानं उघडतात आणि या सातांतून सर्वात चांगली पाच धरायची असतात. म्हणजे दोन एक्के ही सध्या फक्त एक जोडी आहे, आणि हातांच्या उतरंडीत जोडीचं स्थान खालून दुसरं. मृगाचा पाऊस चांगला झाला म्हणून सुगी घरात आली असं कुणी शेतकरी म्हणत नाही.

आता आकडे बघा. समोर कुठलीही पानं घेतलेला एकच खेळाडू असेल, तर एक्के शंभरातून सुमारे 85 वेळा जिंकतात. समोर दोघे असले तर सुमारे 73 वेळा, तिघे असले तर 64 आणि पाच जण असले तर जेमतेम 49 वेळा. पूर्ण भरलेल्या टेबलावर आठही जण शेवटपर्यंत राहिले, तर हा आकडा 35 च्या आसपास येतो. पानं तीच, पण माणसं वाढली की जोर ओसरला.

खरी चीड येते ती पुढच्या शहाणपणाची: ‘एक्के लपवायचे, सगळ्यांना आत येऊ द्यायचं, मग एकदम झोडायचं.’ समजा ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधी दोघांनी सक्तीनं लावायच्या रकमा, 100-200 आहेत (मोठी ती बिग ब्लाइंड). तुम्ही मुकाट्यानं 200 टाकलेत आणि स्वस्तात बघायला मिळतंय म्हणून पाच जण आत आले. टेबलावर बदामची दश्शी, बदामची नव्वी आणि किलवरची चौकी उघडली. कुणाकडे दश्शी-नव्वी असेल, तर त्याच्या दोन जोड्या झाल्या आणि तुम्ही मागे पडलात. कुणाला आणखी एक बदाम हवाय, कुणाला रनसाठी एकच पान हवंय. यातलं काहीही तुम्हाला दिसत नाही. तुमच्या हातात अजूनही एकच जोडी आहे आणि या पाच जणांना आत तुम्हीच घेतलंय. त्याऐवजी सुरुवातीलाच 600 ते 800 केले असते, तर बहुतेकांनी पानं टाकली असती आणि एक-दोघेच उरले असते. एक्के असताना सुरुवातीला वाढवायचं ते यासाठीच.

टूर्नामेंटच्या आरंभी आणखी एक धोका असतो. तेव्हा प्रत्येकाकडे ब्लाइंडच्या मानानं भरपूर चिप्स असतात. मोठ्या स्पर्धांत तर दोनशे-तीनशे बिग ब्लाइंड इतक्या. एवढा सगळा ढीग जेव्हा मध्ये जातो, तेव्हा समोरच्याकडे सहसा एका जोडीहून बरंच काही असतं. शेवटी चिप्स कमी उरल्यावर एका जोडीवर सर्वस्व लावणं ठीक असतं, पहिल्या तासात ती उधळपट्टी ठरते.

कुणाला शंका असेल तर लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमधला 2017 च्या मुख्य स्पर्धेचा डाव आठवावा. या मालिकेत तीन अजिंक्यपदं मिळवलेल्या व्हेनेसा सेल्ब्स्टला पहिल्याच लेव्हलला एक्क्यांची जोडी आली. टेबलावर एक्का, सत्ती, पंजी उघडली आणि तिचे तीन एक्के झाले. चौथं पान सत्तीचं आलं, तीन एक्के आणि सत्त्यांची जोडी मिळून तिचं फुल हाऊस झालं. पण समोर गाएल बाउमनच्या हातात सत्तीची जोडी होती. तिच्या चार सत्त्या झाल्या आणि सेल्ब्स्ट स्पर्धेबाहेर गेली. तीन एक्के धरून फुल हाऊससुद्धा हरतं, तिथं नुसत्या जोडीचं काय घेऊन बसलात?

याचा अर्थ घाबरून एक्के टाकायचे असा मुळीच नाही. टेबलावर पान उघडण्यापूर्वी एकट्या माणसानं सगळं लावलं, तर बिनदिक्कत समोर जा. बादशहांची जोडी असली तरी तुम्ही शंभरातून सुमारे 82 वेळा जिंकता. मात्र 80 टक्के शक्यतेवर लागोपाठ पाचदा सर्वस्व लावलंत, तर पाचही वेळा तगण्याची शक्यता फक्त 33 टक्के उरते, हेही ध्यानात असू द्या.

आता बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘बराच वेळ पानं आली नाहीत, आता येणारच.’ पत्त्यांना मागचं आठवत नाही. दोन पानांचे 1,326 हात, त्यात एक्क्यांच्या जोडीचे 6. म्हणजे दर वाटपाला शक्यता 221 त एक, कालही आणि आजही.

‘एक्का-बादशहा म्हणजे तयार हात.’ अजून जोडीसुद्धा नाही. दुर्रीच्या जोडीपुढेही तो किंचित मागेच असतो.

‘माझे एक्के फुटले म्हणजे ॲपनं गंडवलं.’ पाचातून एकदा फुटणं हे साधं गणित आहे, तेवढ्यावरून फसवणूक सिद्ध होत नाही.

‘कोर्टानं कौशल्याचा खेळ म्हटलंय, मग पैसे लावायला मोकळीक.’ सर्वोच्च न्यायालयानं 1968 मध्ये तसं म्हटलं ते रमीबद्दल, आणि त्याच निकालात तीन पानांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा ठरवलं. पोकरबाबत उच्च न्यायालयांचं एकमत नाही, 2017 मध्ये गुजरातनं त्याला जुगारच म्हटलं. आणि ऑगस्ट 2025 मध्ये संमत झालेला केंद्राचा कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालतो, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे.

एवढं सांगूनही पटत नसेल, तर घरातलाच कॅट काढा. एकाला दोन एक्के उघडे द्या, बाकीची पानं पिसून पाच जणांना दोन-दोन वाटा आणि मधली पाच उघडा. एक पैसाही न लावता हे शंभर वेळा करा आणि वहीत नोंदवत चला. एक्के निम्म्याच्या आसपास हरलेले दिसतील, आणि मग ‘सगळ्यांना आत येऊ द्या’ म्हणणाऱ्याला ती वही दाखवा.