हलाल उद्योग आणि सामाजिक दायित्व : मदत कोठे संपते, जाहिरात कोठे सुरू होते?

लखनौ : उत्तर प्रदेश सरकारने १८ नोव्हेंबर २०२३ रोजी हलाल प्रमाणित खाद्यपदार्थांचे उत्पादन, साठवणूक, वितरण आणि विक्री यांवर राज्यात बंदी घातली. निर्यातीचा माल त्यातून वगळण्यात आला. आदल्याच दिवशी लखनौच्या हजरतगंज पोलीस ठाण्यात काही प्रमाणन संस्थांविरुद्ध गुन्हा दाखल झाला होता. अन्नपदार्थांच्या दर्जाबाबत समांतर व्यवस्था उभी राहिल्याने संभ्रम निर्माण होतो, अशी सरकारची भूमिका आहे. या आदेशाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले असून, न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये राज्य सरकारला नोटीस बजावली.

हलाल म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रानुसार ग्राह्य. हलाल मानणाऱ्या ग्राहकासाठी वेष्टनावरील शिक्का ही विश्वासाची खूण असते. राज्यातील बाजारात ती खूणच वापरता येत नसेल, तर कंपनीची ओळख तिच्या वर्तनातून घडवावी लागते. त्यामुळे शाळा, दवाखाने, पिण्याचे पाणी यांवर होणारा सामाजिक दायित्वाचा अर्थात ‘सीएसआर’चा खर्च विपणनाचे साधन म्हणूनही पाहिला जातो. मात्र, या वापराला कायद्याने स्पष्ट मर्यादा घातली आहे.

कायदा काय सांगतो?

कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. लगतच्या मागील आर्थिक वर्षात ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी रुपये, उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये अथवा त्याहून अधिक असेल, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. उदाहरणार्थ, सरासरी नफा २० कोटी रुपये असल्यास ही रक्कम ४० लाख रुपये होते.

जानेवारी २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार, आपल्या उत्पादनाला किंवा सेवेला विपणनाचा लाभ मिळावा म्हणून प्रायोजित केलेले उपक्रम सीएसआर ठरत नाहीत. केवळ कर्मचाऱ्यांच्या हिताचे उपक्रम, कंपनीचे नित्य व्यावसायिक काम आणि अन्य कायद्यांनी बंधनकारक केलेल्या गोष्टीही त्यात धरल्या जात नाहीत. म्हणजेच मेळाव्यात उत्पादनाचा फलक झळकावण्यासाठी दिलेला पैसा किंवा प्रमाणपत्राचे शुल्क या खात्यात दाखवता येणार नाही.

जकात आणि सीएसआर

मुस्लिम उद्योजकांच्या बाबतीत आणखी एक गल्लत संभवते. जकात हे पात्र व्यक्तीच्या संपत्तीवरील २.५ टक्क्यांचे धार्मिक कर्तव्य आहे आणि ती कोणाला द्यायची, हे धर्मशास्त्राने ठरवले आहे. सीएसआर हे कंपनीचे वैधानिक दायित्व असून, त्याची क्षेत्रे कायद्याच्या सातव्या अनुसूचीत दिली आहेत. भूक व दारिद्र्य निर्मूलन, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, वारसा जतन यांचा त्यात समावेश आहे. धार्मिक कार्याचा नाही. त्यामुळे दोन्हींचे हिशेब वेगळे ठेवावे लागतात.

कसोटी कारखान्याच्या परिसरात

कंपनीने आपल्या कार्यक्षेत्राच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कलम १३५ सांगते. लखनौलगतच्या उन्नाव जिल्ह्यात निर्यातीसाठी मांसप्रक्रिया करणारे कारखाने आहेत. अशा उद्योगांसाठी सांडपाण्यावर प्रक्रिया करणे हे परोपकाराचे काम नसून कायदेशीर बंधन आहे. त्यात कसूर करून शेजारच्या गावात शुद्ध पाण्याचे यंत्र बसवल्यास प्रतिमा उजळण्याऐवजी ग्राहकाचा संशयच वाढेल. हलाल या संकल्पनेत व्यवहाराची शुचिताही अभिप्रेत असल्याने ही विसंगती येथे अधिक ठळकपणे जाणवते.

लखनौच्या गल्ल्यांतील कबाबची दुकाने, मांसविक्रेते आणि छोटे खाद्य उत्पादक या कायद्याच्या उंबरठ्याखाली येतात. त्यांच्या मदतीला कायद्याची सक्ती नाही. पण त्यांचा ग्राहक रोज समोर उभा असतो आणि वजन, स्वच्छता व मजुराला वेळेवर मिळणारी मजुरी तो स्वतः पाहत असतो.

मोठ्या कंपन्यांबाबत पडताळणीची सोय कायद्यानेच केली आहे. संकेतस्थळ असलेल्या कंपनीने सीएसआर धोरण आणि मंजूर प्रकल्प त्यावर जाहीर करणे बंधनकारक आहे. त्यामुळे जाहिरातीतील दावा आणि प्रत्यक्ष प्रकल्प यांची तुलना ग्राहकाला करता येते.