वाघळांचं होस्टेल
सोनगीरसारख्या गावात जुन्या वडा-चिंचेवर वाघळं लटकली, की "झाड वाळवतात, तोडा!" अशी ओरड होते. अगदीच खोटी नाही ती. शेकडो वाघळं वर्षानुवर्षं एकाच झाडावर राहिली, की नख्यांनी आणि पंखांच्या फडफडीने पानं झडतात, डहाळ्या मोडतात, शेंडे बोडके होतात. पण खाली पडणाऱ्या विष्ठेतून नत्र-स्फुरद मुळांना फुकटात मिळतं (आपल्या मेसपेक्षा बरी सोय!). शिवाय वड-उंबराच्या बिया ती रात्रीतून कित्येक किलोमीटर दूर नेऊन टाकतात, मोहाचं परागीभवनही करतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना उपद्रवी प्राण्यांच्या यादीत घातलं होतं. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. बोडकी फांदी पावसाळ्यात बहुधा पुन्हा फुटते. वड तोडला, तर थवा गावातलंच दुसरं झाड शोधणार.