साडेसात टनांचं लायसन आणि वेफर्सचं वजन
(गोदाम ते गल्ला : भाग ६)

पगार, भत्ता आणि महिनाअखेरीला कापला जाणारा ‘शॉर्ट’ यांवर आज लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतोय. डोंबिवलीच्या नांदिवलीहून एका वाचक बाईंचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न माझ्या फार आवडीचा आहे. त्यांच्या भाच्याकडे मोटारीचं साधं लायसन. माणकोलीच्या गोदामांत वेफर्सच्या एका एजन्सीला पिकअपवर माणूस हवा होता, म्हणून तो गेला. तिथल्या सुपरवायझरने लायसन उलटसुलट पाहिलं आणि ‘टीआर मारून आण, मग बघू’ म्हणून परत पाठवलं. टीआर म्हणजे लायसनवरचा मालवाहूचा शिक्का. आता भाचा आरटीओत खेटे घालतोय. हे खरंच लागतं का, असं बाई विचारतात.

कायद्याने लागत नाही. पण एजन्सीवाला मागू शकतो, आणि मागतोच. या दोन वाक्यांच्या मध्ये बरीच वर्षं आणि बरीच कोर्टबाजी आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात हलक्या वाहनाची हद्द ७५०० किलोंवर आखली आहे. मालवाहू गाडीचं भारासकट एकूण वजन त्याच्या आत असेल तर ती ‘हलकी’. मात्र त्याच कायद्यात मालवाहू गाड्यांना इतर ठिकाणी वेगळी वागणूक आहे. टेम्पोला अपघात झाला की विमा कंपन्या नेमकं तिथे बोट ठेवायच्या : चालकाकडे मोटारीचं लायसन होतं, मालवाहूचं नव्हतं, म्हणून भरपाई आमच्याकडे मागू नका. २०१७ मध्ये मुकुंद देवांगन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं, की हलक्या वाहनाचं लायसन असलेल्याला ७५०० किलोंच्या आतली मालवाहू गाडी चालवायला वेगळा शिक्का लागत नाही. विमा कंपन्यांचं समाधान झालं नाही आणि प्रश्न पाच जणांच्या घटनापीठापुढे गेला. ६ नोव्हेंबर २०२४ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने २०१७ चाच निर्णय कायम केला. निकालपत्र न्यायमूर्ती हृषीकेश रॉय यांनी लिहिलं. त्यातला एक मुद्दा मला फार पटला : साध्या लायसनवाल्यांनी मालवाहू गाड्या चालवल्यामुळे अपघात वाढले, हे दाखवणारी आकडेवारी न्यायालयापुढे कुणी आणलीच नाही. घातक माल नेणाऱ्या गाड्यांचे नियम वेगळे आहेत, पण वेफर्स काही स्फोटक नव्हेत, पाकीट फोडताना आवाज कितीही येवो.

तेव्हा छोटा हत्ती, पिकअप, दोस्त, ४०७ या सगळ्या गाड्या भाच्याला साध्या लायसनवर चालतील. चौदा फुटी आयशर दिसली की लोक दचकतात. तिथे आरसी पाहायची. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांवर एकूण वजन ७४९० किलो लिहिलेलं असतं. दहा किलोंनी हद्दीच्या आत! हा योगायोग नाही, बनवणाऱ्यांनीही कायदा वाचलेला असतो. अशीच आणखी एक हद्द ३००० किलोंची आहे, तिच्या आतल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. २००५ मध्ये टाटांनी पुण्यातून ‘एस’ बाजारात आणली, गिरीश वाघ यांच्या पथकाने घडवलेली. तो छोटा हत्ती एवढा पसरला त्यात किमतीचा वाटा मोठा, पण परमिटच्या या सुटकेचाही हात आहे असं मला वाटतं.

मग सुपरवायझर शिक्का का मागतो? कुठल्या तरी विमा एजंटाने दहा वर्षांपूर्वी त्याच्या मालकाला घाबरवलेलं असतं, किंवा ट्रान्सपोर्टरच्या छापील करारात ती अट जशीच्या तशी पडून असते. भाच्याने तिथे निकालाची प्रत फडकवायला जाऊ नये. नोकरी मागायला आलेला माणूस कायदा शिकवू लागला, की समोरचा कारण न देता नाही म्हणतो. दुसरी एजन्सी गाठावी, माणकोली-काल्हेर-राहनाळच्या पट्ट्यात गोदामांना तोटा नाही. पुढेमागे मोठ्या ट्रकवर जायचं असेल तर मात्र जड वाहनाचं लायसन काढावंच. वयाची वीस वर्षं, हलक्या वाहनाचं लायसन घेऊन वर्ष झालेलं, ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला, डॉक्टरचा दाखला, एवढं लागतं.

आता माझा लाडका विषय. कायदा सगळं वजनावर मोजतो, आणि वेफर्सला वजनच नसतं.

पाकिटात मुद्दाम नायट्रोजन भरलेला असतो, तेलाला खवट वास येऊ नये आणि चकत्या मोडू नयेत म्हणून. म्हणजे हौद्यात मुख्यतः हवाच असते. पिकअप छतापर्यंत खोक्यांनी ठासली तरी मागचे पाटे जेमतेम दबतात. मालक यावर उपाय काय करतो, तर बंद बॉडी उंच बांधून घेतो. वजनाच्या हिशेबाने ती हलकी गाडी, पण गल्लीच्या हिशेबाने कपाट उभं करून चालवल्यासारखी. ठाण्यात जांभळी नाक्याला किंवा कल्याणात पारनाक्याच्या आतल्या बाजूला शिरलात, की दुकानांचे पत्रे, खाली आलेल्या वायरी, गणपतीच्या दिवसांत कमानी. ड्रायव्हरला रस्त्याबरोबर डोक्यावरचंही पाहावं लागतं. कशेळीच्या पुलावर पावसाळी वारा सुटला, की भरलेली विटांची गाडी निवांत जाते आणि वेफर्सची गाडी डुलते.

दुसरी गोष्ट पाट्यांची. ते भार पेलण्यासाठी कडक घडवलेले असतात. भार नसला की ते दबत नाहीत, उसळतात. कल्याण-शीळ रस्त्यावरचा खड्डा खडीच्या गाडीत अर्धा जिरतो, वेफर्सच्या गाडीत तो पुरेपूर खोक्यापर्यंत पोचतो. संध्याकाळी दुकानदार पाकीट कानाशी हलवून बघतो आणि ‘चुरा आहे, परत घे’ म्हणतो. एजन्सीत माणसं घ्यायचं काम मी बरीच वर्षं केलं. डंपरचा अनुभव कुणी अभिमानाने सांगितला की मी मनातल्या मनात दोन गुण कापायचो. अंड्यांची गाडी चालवलेला आला तर निम्मी परीक्षा माफ. शेव-फरसाण जड, ते तळाला आणि पुढे लावायचं. वेफर्स वर. शेवटच्या दुकानाचा माल आधी आत. हे ज्याला सांगावं लागत नाही तो पहिल्या दिवसापासून कामाचा.

म्हणून या धंद्यात ट्रायल हायवेवर होत नाही. गाडी द्यायची, बाजारातल्या गल्लीत पाठवायची आणि एकच सांगायचं : उलटी बाहेर काढ. वेगाचं कौतुक कुणालाच नसतं. मागे हेल्पर ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडत असताना जो त्याच्यावर विसंबून न राहता स्वतः उतरून मागे बघून येतो, तो मला आवडायचा. उतरण्यात पुष्कळांना कमीपणा वाटतो.

नंतर तोंडी प्रश्न. माझा ठरलेला प्रश्न होता : रामनगरचा माल टाकून झाला, आता विष्णूनगरला कसा जाशील? डोंबिवलीकर हसतील, मध्ये फक्त रेल्वे आहे. पण त्या ‘फक्त’मध्येच दिवस जातो. कोपर पूल २०१९ च्या सप्टेंबरात बंद झाला आणि दोन वर्षं बंदच राहिला. तेव्हा पूर्व-पश्चिमेचा सारा भार ठाकुर्लीच्या पुलावर आला. त्याच सुमारास कल्याणचा १९१४ चा पत्री पूलही २०१८ मध्ये उतरवलेला होता, नवा सुरू झाला तो जानेवारी २०२१ मध्ये. त्या काळात ज्यांनी लाइन सांभाळली त्यांना पूर्व आणि पश्चिम एकाच फेरीत घ्यायची नाही हे कुणी शिकवावं लागलं नाही. जो उमेदवार ‘मोबाइल दाखवेल तसा जाईन’ म्हणाला त्याला मी नाकारत नसे, पण सहा महिने पूर्वेतच ठेवत असे.

भाच्यासाठी आणखी दोन गोष्टी. मालवाहूच्या लायसनसाठी पूर्वी आठवी पास लागायचं, ती अट २०१९ मध्ये केंद्राने काढून टाकली. एजन्सीतून ती निघालेली नाही, आणि इथे मी एजन्सीच्या बाजूचा आहे. बिलावर एकाच वेफर्सचे पाच, दहा आणि वीस रुपयांचे माल वेगवेगळ्या ओळीत असतात, चवी पुन्हा निराळ्या, आणि खोकी दिसायला सारखी. ती ओळ वाचता आली नाही तर दहाचं खोकं पाचच्या भावाने उतरतं, आणि फरक कुणाच्या पगारातून जातो हे पुढच्या आठवड्यात येईलच. दुसरं, फॉर्मचे, युनिफॉर्मचे किंवा ‘सिक्युरिटी’चे म्हणून आधी पैसे मागणारा कुणी भेटला, तर तिथून सरळ निघावं. ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून एजन्सीवाले रडत असतात, ते नोकरी विकत नाहीत.

बाईंनी पत्राच्या शेवटी भाच्याला रिव्हर्स नीट येत नाही असंही लिहिलंय. रविवारी दुपारी एमआयडीसीतले आतले रस्ते बरेच मोकळे असतात, कुणाची तरी पिकअप मागून घ्या आणि दोन्ही आरशांवर सराव करू द्या. बंद बॉडीला मधला आरसा उपयोगाचा नसतो, मोटारीवर शिकलेल्यांची पहिली अडचण तीच असते.