जुना व्यावसायिक कॅमेरा की नवा हौशी?

मैत्रिणींनो, भिशीच्या पैशांतून वापरलेला डिजिटल कॅमेरा घ्यायचा म्हटलं, की दुकानदार हमखास जुना व्यावसायिक कॅमेरा पुढे करतो. "एकेकाळी लाखांचा होता, बाई!" पण जुनी किंमत काही फोटोत उतरत नाही.

निकॉनचेच दोन कॅमेरे शेजारी ठेवा. २००४ साली जाहीर झालेला डी२एक्स व्यावसायिकांचा, २००८ चा डी९० हौशी मंडळींचा. मेगापिक्सेल दोघांचेही साधारण १२. डी२एक्स दणकट, धूळ-पाण्याला दाद न देणारा. पण बॅटरीशिवायच किलोहून जड! डी९० सुमारे ६२० ग्रॅमचा. कमी उजेडासाठी आयएसओ वाढवावा लागतो. तो जुन्यात एरवी ८०० पर्यंतच जातो, नव्यात ३२०० पर्यंत. म्हणजे दिवेलागणीच्या हळदीकुंकवाला, शाळेच्या गॅदरिंगला नवाच बरा. पावसाधुळीत भटकणारीनं मात्र जुना खुशाल घ्यावा.

घेण्याआधी शटर किती वेळा उघडलंय ते विचारा, बॅटरी तपासा. उरलेल्या पैशांत चांगली लेन्स घ्या. ती पुढच्या कॅमेऱ्यालाही चालते का, तेवढं पाहा. आणि हो, कॅमेरा गळ्यात अडकवून थोडं फिरून बघा. ओझं वाटलं तर तो कपाटातच राहणार, आणि मुलांचं लहानपण काही थांबत नाही!